सापडलेला जंतू आणि न सापडलेलं कारण

शंकेखोर : मला आधी एवढंच सांगा मॅडम, जुलाब लागलेल्या पोराची शी तुमच्या प्रयोगशाळेत पाठवून मला मिळतं काय? पोर वर्षाचं आहे. सकाळपासून सात-आठदा पातळ झालेलं, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते. मी ओआरएस सुरू करतो, झिंक देतो, गरज वाटली तर सलाईन लावतो. तुमचा रिपोर्ट येतो तिसऱ्या दिवशी : ‘सालमोनेला, शिगेला, व्हिब्रिओ आढळले नाहीत.’ तोवर पोर घरी जाऊन वरणभात खायला लागलेलं असतं. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आलं, तेव्हा दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून माणसांना पाजायला लावलं. तिथलं मृत्यूंचं प्रमाण चार टक्क्यांच्या खाली आलं. प्रत्येकाच्या शीचं कल्चर येईपर्यंत ते थांबले असते तर? अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायचं, या इलाजाला जंतूचं नाव लागत नाही. उगाच नाव विचारून आईबापांचे पैसे कशाला घालवायचे?

उत्साही : इलाजाबद्दल तुमच्याशी वाद नाही सर. वाद त्या ‘आढळले नाहीत’बद्दल आहे. तुम्ही ते वाचून ‘म्हणजे बॅक्टेरिया नव्हते’ असं समजता. ते लिहिणारी मी मात्र तसं समजत नाही. सँपलचा प्रवास एकदा बघा. आईनं डबीत शी आणली, ती ओपीडीच्या टेबलावर दोन-तीन तास राहिली. शी शिळी होते तसतशी आंबट होत जाते, आणि शिगेला आम्लात तग धरत नाही. यासाठीच केरी-ब्लेअर नावाचं मऊ, जवळजवळ अन्नहीन माध्यम १९६४ पासून उपलब्ध आहे. त्यात जंतू वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. तुमच्या ओपीडीत त्याच्या बाटल्या आहेत का? नाहीत. वर पोराला आदल्या रात्रीच मेडिकलवाल्याकडून एखादं अँटिबायोटिक सिरप पाजून झालेलं असतं. म्हणजे माझ्या हाती सँपल येतं तेव्हा अर्धमेले जंतू असले तर असले.

मग मी प्लेटी लावते. मॅकॉन्कीवर लॅक्टोज पचवणारे जंतू गुलाबी वाढतात, न पचवणारे बिनरंगी. एक्सएलडीवर शिगेलाच्या लाल कॉलनी दिसतात, सालमोनेलाच्या लाल कॉलनीत मध्ये काळा ठिपका असतो. कॉलऱ्याचा व्हिब्रिओ टीसीबीएसच्या हिरव्या प्लेटवर पिवळा उमटतो. संशयित कॉलनी उचलायची, टीएसआयच्या नळीत टोचायची, दुसऱ्या दिवशी तिचा रंग, गॅस, काळेपणा पाहायचा, मग सीरम घालून काचेवर गुठळी होते का ते बघायचं. हे काम डोळ्यांचं आहे आणि ते अंगात मुरायला वर्षं लागतात. मला त्याचा अभिमान आहे. पण या सगळ्यात कॅम्पिलोबॅक्टर कुठे आला? तो ४२ अंशांना आणि हवेतल्यापेक्षा बऱ्याच कमी ऑक्सिजनमध्ये वाढतो. साध्या इन्क्युबेटरमध्ये त्याला ठेवणं म्हणजे तो न सापडण्याची सोय करणं. आणि सगळ्यात मोठी अडचण ई. कोलायची. प्रत्येकाच्या आतड्यात तो असतो. १८८५ साली एशेरिशनं बाळांच्या शीतूनच त्याचं वर्णन केलं. जुलाब घडवणारा ई. कोलाय आणि निरुपद्रवी ई. कोलाय मॅकॉन्कीवर सारखेच गुलाबी. प्लेट त्यांच्यात फरक करूच शकत नाही. मी ‘नॉर्मल फ्लोरा’ लिहून मोकळी होते आणि तुम्ही ते खरं मानता.

शंकेखोर : मग दोष रिपोर्ट वाचणाऱ्याचा नाही, लिहिणाऱ्याचा झाला की!

उत्साही : दोघांचा. म्हणून तर मी वेगळ्या पद्धतीचा आग्रह धरते. जंतू वाढवून बघण्याऐवजी थेट त्याचा डीएनए शोधायचा. पीसीआरला जंतू जिवंत लागत नाही, चाळीस-बेचाळीस अंशांचे नखरे लागत नाहीत, आणि ई. कोलायच्या टोळीतला नेमका कोण ते जनुकांवरून कळतं. विष तयार करणारं जनुक असेल तर ‘इटेक’, आतड्याला चिकटण्याचं जनुक असेल तर ‘इपेक’. याचा किती फरक पडतो ते एकाच मोठ्या अभ्यासात दिसलं आहे. २००७ ते २०११ मध्ये आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी ‘जेम्स’ हा अभ्यास झाला. आपल्याकडचं केंद्र कोलकात्याला होतं, शेजारी बांगलादेशातलं मिर्झापूर आणि कराची. मध्यम ते तीव्र जुलाबांची ९,४३९ मुलं घेतली आणि त्यांच्याच वयाची, त्यांच्याच वस्तीतली, जुलाब नसलेली १३,१२९ मुलं. पहिल्या निष्कर्षात कल्चर आणि त्या वेळच्या इतर चाचण्या वापरून निम्म्याच जुलाबांचं कारण सांगता आलं. मग त्याच साठवलेल्या नमुन्यांतले काही हजार नमुने संख्यात्मक पीसीआरनं पुन्हा तपासले. हाताच्या पंजाएवढं कार्ड, त्यात ३८४ खळगे, एका वेळी डझनावारी जंतूंचा शोध. कारण सांगता येणाऱ्या जुलाबांचं प्रमाण साडेएक्कावन्न टक्क्यांवरून जवळजवळ नव्वद टक्क्यांवर गेलं. शिगेलाचा बोजा सुमारे दुप्पट निघाला आणि तो यादीत सगळ्यात वर गेला. मुलं तीच, नमुने तेच. फक्त चाचणी बदलली.

शंकेखोर : आता तुम्हीच सांगितलेल्या अभ्यासातला एक आकडा मी सांगतो, जो तुम्ही हळूच वगळलात. पहिल्याच फेरीत जुलाब झालेल्या ८३ टक्के मुलांच्या शीत कुठला ना कुठला रोगजंतू सापडला. आणि जुलाब नसलेल्या, खेळत्या मुलांच्या शीत? ७२ टक्के! म्हणजे गरीब वस्तीतल्या कुठल्याही पोराची शी घ्या, जंतू निघणारच. चाचणी जितकी तीक्ष्ण कराल तितके ते जास्त निघतील, आजाऱ्यातही आणि धडधाकटातही. पीसीआर तर मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा मोजतो. पोराला तीन आठवड्यांपूर्वी शिगेला झाला, तो बरा झाला, आता व्हायरसनं जुलाब लागलेत, आणि तुमचं कार्ड म्हणतं शिगेला आहे. मतदारयादीत नाव आहे म्हणजे माणूस हयात आहे, असं कुणी मानत नाही. इथे मात्र आपण मानायचं. १८९२ साली म्युनिकमध्ये पेटेनकोफर नावाच्या हट्टी प्राध्यापकानं कॉलऱ्याच्या जंतूंचं कल्चर चक्क पिऊन दाखवलं. त्याला थोडे जुलाब झाले, पण कॉलऱ्यानं तो मेला नाही. त्याचा सिद्धान्त चुकीचा होता, मान्य. पण जंतू पोटात असणं आणि आजार होणं या दोन गोष्टींत अंतर आहे, एवढं त्यानं दाखवलंच.

उत्साही : पेटेनकोफर सुदैवी होता. कदाचित आधीच्या एखाद्या साथीनं त्याला थोडीफार प्रतिकारशक्ती दिली असेल. पण तुमचा मुद्दा खरा आहे, आणि ७२ टक्क्यांचं उत्तर त्याच अभ्यासाच्या रचनेत आहे. धडधाकट मुलं घेतली ती त्यासाठीच. प्रश्न ‘सापडला का?’ असा नव्हताच. आजाऱ्यांमध्ये तो धडधाकटांपेक्षा किती जास्त सापडतो, हा प्रश्न होता. जो जंतू दोन्हीकडे सारखाच आढळतो त्याला कारणाचा मान मिळत नाही. चिकटून थर करणारा ‘इएक’ ई. कोलाय असाच मागे पडला. आणि संख्यात्मक पीसीआर नुसतं हो-नाही म्हणत नाही. मशीन जितक्या कमी फेऱ्यांत सिग्नल पकडतं तितके जंतू जास्त. साधारण सव्वातीन फेऱ्यांचा फरक म्हणजे दहा पट. धडधाकट पोरात शिगेला असला तरी बहुतेकदा चिमूटभर असतो, जुलाबवाल्यात तो ढिगानं असतो. मेलेल्या जंतूंचे जुने अवशेषही बहुधा चिमूटभरच असतात. म्हणून मी संख्येला महत्त्व देते. नुसतं नाव छापणाऱ्या पॅनेलचं मलाही कौतुक नाही. खासगी हॉस्पिटलांत तासाभरात बावीस जंतू शोधणारं पॅनेल हजारो रुपये घेऊन लावतात. त्यातून एका पोराच्या शीत चार नावं निघतात आणि आईबाप चारही नावं गुगल करत बसतात. तो प्रकार मला तुमच्याइतकाच नावडतो.

शंकेखोर : संख्या, तुलना, प्रमाण. हे सगळं घोळक्याचं शास्त्र आहे. ‘नव्वद टक्के जुलाबांचं कारण कळलं’ याचा अर्थ हजार मुलांच्या गठ्ठ्यात नऊशे जुलाबांचा हिशेब लागला. माझ्यासमोर हजार मुलं नसतात, एक असतं. त्या एकाच्या शीत शिगेला आणि ‘इटेक’ दोन्ही बऱ्यापैकी निघाले, तर कोण गुन्हेगार? तुमचं गणित म्हणेल, शिगेलाची शक्यता अमुक, ‘इटेक’ची तमुक. हे मी आईला काय सांगू?

आणखी एक. तुम्ही जनुक शोधता, जंतू नाही. शिगेलासाठी जे ‘इपाएच’ जनुक शोधता ते आतड्यात घुसणाऱ्या ई. कोलायमध्येही असतं. तुमच्या कार्डाला दोघांतला फरक कळत नाही. २०११ मध्ये जर्मनीत अंकुरलेल्या बियांतून साथ आली. त्या जंतूत ‘इएक’चं चिकटणं आणि शिगा-विषाचं जनुक एकाच अंगात होतं. पन्नासहून जास्त माणसं दगावली. आपण आखलेल्या खणांमध्ये जंतू बसतीलच असं नाही. शिवाय जनुक आहे म्हणून ते काम करतंय हे कशावरून? आमचे जुने लोक तरी विचारत होते, हा जंतू करतो काय? शंभुनाथ डे यांची गोष्ट तुम्हाला माहीत असणारच.

उत्साही : माहीत आहे, आणि ती मला तुमच्याहून जास्त आवडते. १८८३ च्या अखेरीस कॉख कलकत्त्याला आला. त्यानं स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू वेगळा काढला, पण प्राण्यात कॉलरा घडवून दाखवणं त्याला जमलं नाही. ते जमवलं डे यांनी, कलकत्त्यातच, ७० वर्षांनी, जेमतेम साधनांत. सशाच्या आतड्याचा तुकडा दोन्हीकडून दोऱ्यानं बांधायचा, त्या बंद पोकळीत कॉलऱ्याचे जंतू सोडायचे, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. पोकळी पाण्यानं टम्म फुगलेली! १९५९ मध्ये त्यांनी जंतू गाळून काढलेला, नुसता द्रव सोडला, तरी आतडं फुगलं. म्हणजे पाणी ओढतं ते जंतूनं सोडलेलं विष. त्याआधीच त्यांनी जुलाबाच्या काही ई. कोलायवरही हीच चाचणी केली होती. ‘नॉर्मल फ्लोरा’ म्हणून सोडून दिले जाणारे जंतू सशाचं आतडं फुगवत होते. मला तर वाटतं, पीसीआरनं ‘इटेक’चं विष-जनुक शोधणं ही त्या सशाचीच पुढची पायरी आहे. कोणतं विष, हे डे यांच्या वाटेनं कळलं, म्हणून कोणतं जनुक शोधायचं हे कळलं. पूर्वी एका ‘इटेक’साठी उंदराची पिल्लं लागायची, पेशींची कल्चर लागायची. एका पोराच्या शीसाठी कोण एवढं करणार होतं?

शंकेखोर : छान. मग आता माझ्या रोजच्या गरजेचा प्रश्न. समजा शिगेला आहे, नक्की आहे. कुठलं औषध चालेल? तुमचा पीसीआर सांगेल? नॅलिडिक्सिक अ‍ॅसिड गेलं, सिप्रोफ्लॉक्सॅसिनला दाद न देणारे शिगेला इतके वाढलेत की जागतिक आरोग्य संघटनेनं त्यांना धोक्याच्या यादीत घातलंय. प्रतिकाराची काही जनुकं तुम्ही शोधाल, पण सेन्सिटिव्हिटीसाठी जिवंत कॉलनी हवी, औषधाच्या चकत्या ठेवलेली प्लेट हवी, आणि ती वाचणारे डोळे हवेत. साथ आली तर कोणत्या गावचा जंतू कोणत्या गावी गेला हे ठरवायलाही तोच जिवंत जंतू लागतो. अमेरिकेत प्रयोगशाळा पटापट पीसीआरकडे गेल्या, आणि तिथल्या सार्वजनिक आरोग्यवाल्यांना ओरड करावी लागली की पॉझिटिव्ह सँपलचं कल्चरही लावा हो, नाहीतर आमच्या हाती धागाच राहत नाही. आपल्या जिल्हा प्रयोगशाळांत प्लेट लावणारी माणसं आधीच कमी. ती कला गेली की मशीन घेऊन परत आणता येणार नाही.

(वाचकांच्या लक्षात आलं असेल. ज्या कल्चरची सुरुवातीला टिंगल झाली, त्याचाच कैवार आता शंकेखोरानं घेतला आहे. आणि ज्या बाईंना प्लेटींचा अभिमान, त्या त्यांना मागे टाकायला निघाल्या आहेत. या वादात असंच होतं.)

उत्साही : तुम्ही आता जे बोललात ते मी माझ्या वरिष्ठांना दर महिन्याला सांगते. ती माणसं टिकवलीच पाहिजेत. पण वरिष्ठ मला विचारतात, ‘डॉक्टरच कल्चर पाठवत नाहीत तर माणसं कशाला ठेवायची?’ तुम्ही पाठवत नाही कारण रिपोर्ट उशिरा येतो, आणि रिपोर्ट सुधारत नाही कारण तुम्ही पाठवत नाही. असो. मला तुमच्या एका गृहीतकाला हात घालायचा आहे. ‘धडधाकट’ म्हणता ती मुलं खरंच धडधाकट असतात का? वेल्लोरसह आठ देशांतल्या केंद्रांवर ‘माल-एड’ नावाचा अभ्यास झाला. जन्मापासून दोन वर्षं मुलांवर लक्ष ठेवलं, जुलाब असो-नसो, दर महिन्याला शी घेतली. ज्यांच्या शीत जुलाब नसतानाही शिगेला, कॅम्पिलोबॅक्टर, तुमचा तो दोन्हीकडे सारखा सापडणारा ‘इएक’, जियार्डिया वारंवार निघत होते, त्यांची उंची दोन वर्षांच्या वयात कमी भरली. जंतूनं जुलाब घडवले नाहीत, पण आतडं सुजवलं असावं. तर मग आजारी कोण आणि तुलनेची मुलं कोण? ज्याला आपण ‘कारण नाही’ म्हणून सोडून दिलं, तो उंचीच्या बाबतीत कारण असू शकतो. आणि निरोगी बाळांच्या शीतून कधी कधी काय निघतं बघा. दिल्लीच्या एम्समध्ये ऐंशीच्या दशकात जुलाब नसलेल्या नवजात बाळांच्या शीतून रोटाव्हायरसचा जो प्रकार मिळाला, त्यातूनच पुढे ‘रोटाव्हॅक’ लस तयार झाली. व्हायरस आहे, मान्य, पण आजार नसलेल्यांची शी तपासणं फुकट नसतं एवढं तरी माना.

शंकेखोर : लस, धोरण, पाणीपुरवठा, यांसाठी जंतूंचा हिशेब लागतो, हे मी कधीच नाकारलं नाही. कोलकात्याला आणि वेल्लोरला मोजा, आमच्या नंदुरबारलाही मोजा. पण त्यासाठी निवडक केंद्रं पुरेत. प्रत्येक जुलाबाच्या पोराला मोजायचं कारण अजून तुम्ही दिलेलं नाही. आणि मी उलटा पुरावा देतो. सात देशांत, त्यात भारतही होता, आठ हजारांहून जास्त लहान मुलांवर चाचणी झाली. रक्त न पडणारे जुलाब, पण पोर कोरडं पडलेलं किंवा कुपोषित. अर्ध्यांना तीन दिवस अझिथ्रोमायसिन, अर्ध्यांना नुसतं गोड पाणी. सहा महिन्यांतले मृत्यू जवळजवळ सारखे. म्हणजे जंतू न बघता औषध देऊन जीव वाचले नाहीत. शीत रक्त असेल तर शिगेला धरून औषध द्या, नसेल तर ओआरएस आणि झिंक. हा साधा नियम माझे डोळे पाळू शकतात.

उत्साही : तीच चाचणी मला हवी होती. नंतर त्याच मुलांच्या शीचे नमुने पीसीआरनं तपासले आणि ज्यांच्या जुलाबामागे बॅक्टेरिया असण्याची शक्यता दाट होती ती मुलं वेगळी काढली. त्या गटात औषध मिळालेल्यांचे जुलाब तिसऱ्या दिवसापर्यंत जास्त थांबले होते, आणि पुढच्या तीन महिन्यांत दवाखान्यात भरती होणं किंवा दगावणं हेही कमी होतं. सगळ्यांना एकत्र धरल्यामुळे फायदा दिसेनासा झाला होता. तुमचा रक्ताचा नियमही तपासा. शिगेलाच्या कितीतरी मुलांच्या शीत रक्त नसतंच, ती पाण्यासारखी असते. तुमचे डोळे त्यांना ‘व्हायरल’ म्हणून घरी पाठवतात.

शंकेखोर : हे नंतर केलेलं विश्लेषण आहे. नमुने आधी तपासून औषध दिलं, असं त्यात झालेलं नाही. नंतर गट पाडले की फायदा सापडायला सोपा जातो.

उत्साही : बरोबर. म्हणून मी म्हणते, आधी तपासून द्यायची चाचणी करा. त्यासाठी तासाभरात होणारी, थर्मल सायकलर न लागणारी तपासणी लागेल. ‘लॅम्प’ पद्धतीत साधारण ६५ अंशांवर एकाच तापमानाला डीएनए वाढतो, गरम पाण्याचं साधं यंत्र पुरतं. शिगेला आणि ‘इटेक’साठी अशी किट आफ्रिकेत प्रत्यक्ष वापरून पाहिली जात आहेत.

शंकेखोर : समजा ती आली, स्वस्त आली, माझ्या ओपीडीत आली. समोर पाण्यासारखे जुलाब झालेलं पोर, किट म्हणतं शिगेला आहे, इतका आहे. किती असला तर औषध द्यायचं? रेषा कुठे?

उत्साही : मी खाली ठेवीन. शिगेलाचं एकही पोर निसटू नये.

शंकेखोर : खाली ठेवलीत तर चिमूटभर शिगेला बाळगणारी, खरं तर व्हायरसनं आजारी असलेली सगळी पोरं अझिथ्रोमायसिन घेऊन घरी जातील. मग दहा वर्षांत तेही औषध सिप्रोच्या वाटेनं जाईल, आणि ज्याला खरंच हवं त्याला ते चालणार नाही. मी रेषा वर ठेवीन.

उत्साही : वर ठेवलीत तर माल-एडमधली ती खुजी राहिलेली मुलं तुमच्या रेषेखालीच राहतील. शिवाय रेषा काढायची कुणाच्या आकड्यांवरून? कोलकात्याच्या की गांबियाच्या? नंदुरबारमध्ये जुलाब नसलेल्या मुलांच्या शीत नेहमी किती शिगेला असतो हे मोजल्याशिवाय तिथली रेषा काढता येणार नाही.

शंकेखोर : म्हणजे खेळती मुलं पकडून त्यांची शी घ्यायची. आणि एखाद्या खेळत्या मुलाच्या शीत रेषेच्या वर शिगेला निघाला तर? त्याची आई मला विचारणार, औषध द्यायचं का? मी काय सांगू?

उत्साही : माझं कार्ड तुम्हाला फक्त शिगेला किती ते सांगेल.

शंकेखोर : मग ‘किती’चं ‘काय करायचं’ कुणी करायचं? तुम्ही प्रयोगशाळेत की मी ओपीडीत?

उत्साही : दोघांनी मिळून, असं म्हणणार होते. पण रेषा खाली की वर, यावरच आपलं अजून जमलेलं नाही.